उस्ताद इद्रीसचं पाकीट

आमच्या गावच्या हायस्कुलातले एक सर या अंकाचं काम बघतात. ते घरी आले आणि म्हणाले, "काका, पंधरा वर्षं अरबस्तानात काढलीत, लिहा काहीतरी." मी म्हटलं, मी चौथी पास. ते म्हणाले, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो. म्हणून बसलो. हल्ली घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा कागदाशी बोललं तर बिघडत नाही.

आधीच सांगतो, दुबईचे टॉवर आणि सोन्याचा बाजार यातलं मला काही विचारू नका. पंधरा वर्षांत मी दुबई चार वेळा पाहिली, त्यातली दोनदा विमानतळापुरती. माझी नोकरी अबुधाबीच्या बाहेर मुसाफाच्या बाजूला, मुलांच्या सरकारी शाळेत. आता तिकडं मोहम्मद बिन झायद सिटी, खलिफा सिटी अशी वस्ती झालीय, आपले पुण्या-मुंबईचे साहेब लोक फॅमिली घेऊन राहतात. कुवेतची लढाई संपली त्या साली मी गेलो तेव्हा शाळेच्या भिंतीला टेकून उंट बसायचे.

मी तिथं फर्राश होतो. फर्राश म्हणजे आपला शिपाई. वर्ग झाडायचे, मास्तरांना चहा करून द्यायचा आणि कागद फिरवायचे. माझं नाव परशुराम. अरबांना 'प' म्हणता येत नाही, त्यामुळं पंधरा वर्षं मी 'बरशा' होतो. "बरशा, चहा!" "बरशा, यल्ला!" म्हणजे चल लवकर. दिवसातून शंभर वेळा. गावात मला तसं कोणी हाक मारत नाही. इंदू, माझी बायको, कधी चिडवायला मारायची. ती गेल्या वर्षी गेली. आता तेही बंद.

आपल्या लोकांना वाटतं, तिथली शाळा म्हणजे आपल्या मुलांची इंडियन स्कूल. ही ती नव्हे. ही तिथल्या लोकल मुलांची शाळा, सगळं अरबीत. पण शिकवणारे बहुतेक बाहेरचे. गणिताला मिसरचा म्हणजे इजिप्तचा, व्याकरणाला जॉर्डनचा, कुणी सुदानचा, कुणी ट्युनिसचा, तर कुणी पॅलेस्टाइनचा, ज्याला परत जायला गावच उरलेलं नाही असा. लोकल माणूस म्हणजे फक्त मुदीर, हेडमास्तर. मास्तरांना उस्ताद म्हणायचं. सूट घालून यायचे, मुलं उभी राहायची, दरारा असायचा. पण सगळ्यांचा करार वर्षाचा आणि करारावर व्हिसा. करार संपला की व्हिसा संपला, मग घर, गाडी, पोरांची शाळा, सगळं आवरून महिन्याभरात निघायचं. वीस वर्षं शिकवलं तरी पाहुणा तो पाहुणा. त्या बाबतीत उस्ताद आणि फर्राश एकाच पंगतीतले. माझा व्हिसा तर शाळेचासुद्धा नव्हता, सफाईच्या कंपनीचा होता. मुदीरनं एक फोन केला की खलास.

नोकरी संपवण्याला तिथं 'तफनीश' म्हणतात. इंग्रजीतलं फिनिश, त्याला अरबी टोपी घातलेली. "त्याला तफनीश आला" असं म्हणायचे, जसं आपण म्हणतो त्याला ताप आला.

आता माझ्या कामाचं सांगतो. चहा कुणालाही येतो असं वाटतं, पण छत्तीस उस्तादांचा चहा छत्तीस तऱ्हेचा. उस्ताद हमदी, मिसरचा गणितवाला, काळ्या चहात चार चमचे साखर घ्यायचा आणि ढवळायचा नाही. "ढवळला की शेवटाला गोड काय राहणार?" म्हणायचा. एक जॉर्डनवाला पुदिना नसेल तर चहा टेबलावर तसाच ठेवून माझ्याकडं बघत बसायचा, बोलायचा एक शब्द नाही. मोठ्या सुट्टीची घंटा झाली की वीस मिनिटांत सगळ्यांच्या हातात ज्याचा त्याचा चहा गेला पाहिजे. माझा कधी चुकला नाही. त्या सवयीनं मला आजही थोडका चहा करता येत नाही. परवा पातेलंभर केला आणि मीच बघत बसलो.

दुसरं काम कागदाचं. ऑफिसातून पत्रक आलं की एका वहीत घालून प्रत्येक उस्तादकडं न्यायचं, वाचलं म्हणून सही आणि तारीख घ्यायची. मला अरबी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. आकडे तेवढे कळायचे. आणि नावांची वळणं पाठ होती, हे हमदीचं, हे नबीलचं, जसं शेरडाच्या कळपात आपलं शेरडू ओळखावं.

मे महिना लागला की स्टाफरूममधली हवा बदलायची. पुढच्या वर्षीचे कागद त्याच महिन्यात यायचे. ज्यांचं चालू राहणार त्यांची सगळ्यांची मिळून एक लांब यादी, ती मुदीर काचेच्या फळ्यावर लावायचा. ज्याला तफनीश, त्याचं मात्र एकट्याचं बंद पाकीट यायचं. तपकिरी, वर नाव, मागं शिक्का. ते माझ्या हातानं जायचं. मुदीर म्हणायचा, "शेवटच्या तासानंतर दे, वर्गात रडारड नको." मी असली सतरा-अठरा पाकिटं दिली असतील. तेव्हा माझ्या मनात असं बसलं होतं, की शाळेत न उघडता पाकीट वाचणारा मी एकटा. हमदी तर मे महिन्यात रोज सकाळी म्हणायचा, "बरशा, इकडं ये, थोबाड दाखव." मी हसलो की छाती ठोकून म्हणायचा, "अल्हमदुलिल्ला, अजून एक दिवस!" मला त्याची मजा वाटायची. खरं सांगायचं तर चढलीसुद्धा होती थोडी.

एकदा सीरियाच्या कसरतीच्या मास्तरचं पाकीट होतं. पैलवान गडी, मुलांना उलटं टांगायचा. मला वही घेऊन येताना पाहिलं आणि सरळ प्रयोगशाळेत शिरून आतून कडी घातली. म्हणे, मी सही केली नाही तर मी तफनीश झालो नाही! मी बाहेरून, "उस्ताद, उघडा." तो आतून, "मी नाही इथं!" सगळी शाळा घरी गेली, तीन वाजले, साडेतीन वाजले. मी शेवटी त्याचा चहा करून आणला आणि दाराबाहेर बसून म्हटलं, "उस्ताद, पाकीट राहू दे. चहा गार होतोय, एवढा तरी घ्या." दार उघडलं. चहा प्यायला, सही केली आणि तो सहा फुटी माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याला तीन मुली होत्या. मी घरी पत्रात हे लिहिलं तेव्हा इंदूनं उलट लिहून पाठवलं, 'असलं पाकीट तुमच्या हातात द्यायला त्यांना लाज वाटत नाही का.' मला तेव्हा तिचं कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी काम चोख केलं.

आता उस्ताद इद्रीस.

इद्रीस सुदानचा, भूगोल शिकवायचा. उंच, काळा, सावकाश बोलणारा. फळ्यावर कुठल्याही देशाचा नकाशा न बघता काढायचा. मी झाडायला गेलो की पुसायला जीव व्हायचा नाही. एकदा मी विचारलं, "माझं गाव कुठं?" त्यानं हिंदुस्थान काढला, पश्चिमेच्या कडेला खडूचा ठिपका ठेवला आणि म्हणाला, "इथं कुठंतरी. बायको आहे?" म्हटलं आहे. मग त्यानं दुसरीकडं सुदान काढला, त्यात नदी काढली, नदीवर ठिपका ठेवला. "आणि इथं माझी."

तो तिथं अकरा वर्षं एकटा होता. त्याला फॅमिली आणायची परवानगी होती, ती मला नव्हती. फर्राशाला कोण फॅमिली व्हिसा देतो! पण त्याची आई आंधळी झाली होती आणि तिला सोडून बायको येऊ शकत नव्हती. लग्नानंतर दीड महिना सोबत, मग वर्षाला दोन महिने सुट्टीचे. त्यांना मूल नव्हतं. तो म्हणायचा, "बरशा, लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिला सकाळी चहा कसा लागतो ते मला विचारलंस तर दरवेळी आठवावं लागतं." आमची ओळख असल्या बोलण्यावर वाढली. इतर उस्ताद चहा घ्यायचे. हा चहा घेऊन पँट्रीत, माझ्या चहाच्या खोलीत, माझ्यासमोर डब्यावर बसायचा.

माझ्या सातव्या वर्षी त्याची आई वारली. चाळीस दिवस झाल्यावर त्यानं कागद करायला घेतले. दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पडदे घेतले. पडदे कसे लावतात हे मला विचारायला आला, मी जसा काय पडदेवाला! दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं जाऊन लावून आलो. मे महिन्याच्या एका बुधवारी दुपारच्या विमानानं हनान, त्याची बायको, येणार होती. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. त्यानं बुधवारची रजा टाकली, म्हणजे तीन दिवस घरी.

त्याच महिन्यात मला इंदूचं पत्र आलं होतं. घर झालं होतं, विहिरीला पाणी लागलं होतं, मुलगी उजवली होती. इंदूनं लिहिलं होतं, 'आता तिथं तुमचं काय अडलं आहे? आता या.' एवढंच. मी उलट टपाली लिहिलं, आणखी दोन वर्षं, मग येतोच. का लिहिलं, ते तेव्हा विचारलं असतंत तर मी दहा कारणं दिली असती. आता एकच देतो. गावात मला कोण विचारत होतं? तिथं छत्तीस माणसं माझ्या हाताकडं बघायची.

तर सोमवारी सकाळी मुदीरनं मला बोलावलं. पुढ्यात तपकिरी पाकीट, एकट्याचं, मागं शिक्का, वर इद्रीसच्या नावाचं वळण. मुदीरचं तोंड पडलेलं. तो इद्रीसला मानायचा. म्हणाला, "आजच दे, त्याच्या हातात. सही घे." आणि तो स्वतः दोन दिवस मीटिंगला निघून गेला.

मी पाकीट घेऊन पँट्रीत आलो. मला वाचायला काय लागत होतं? एकट्याचं पाकीट, मे महिना, साहेबाचं तोंड. झालं. मोठ्या सुट्टीत इद्रीस आला, डब्यावर बसला आणि विचारायला लागला, "बरशा, विमानतळावर फुलं न्यावीत का? आमच्यात नेत नाहीत. पण इथं लोक नेतात."

मी म्हटलं, "न्या की."

"हसेल ती."

"हसू दे."

पाकीट माझ्या पाठीमागच्या फडताळात होतं, चहापत्तीच्या खोक्याखाली. मी मनाशी म्हटलं, अकरा वर्षांनी बाई येतेय. हा कागद आज दिला तर हा विमानतळावर कसल्या तोंडानं उभा राहील? तफनीश काय शनिवारीपण तफनीशच. चार दिवस सुखाचे जाऊ देत माणसाला. आणि मला स्वतःचं बरंसुद्धा वाटलं. बघा, मी किती भला.

मंगळवारीही दिलं नाही. बुधवारी तो आला नाही. गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. शुक्रवारी मी खोलीवर कपडे धूत होतो आणि मनात म्हणत होतो, आता ती दोघं जेवत असतील.

शनिवारी तो आला तो इस्त्रीचा सदरा घालून, अंगाला कसल्यातरी सुगंधी लाकडाच्या धुराचा वास. हातात डबा, तिनं केलेलं गोड. स्टाफरूममध्ये हमदीनं आरडाओरडा केला, "नवरदेव आला! बरशा, ह्याच्या चहात आज साखर घालू नको, ह्याला गरज नाही!" सगळे हसले. मी शेवटच्या तासापर्यंत थांबलो. मग वही आणि पाकीट घेऊन भूगोलाच्या वर्गात गेलो.

त्यानं पाकीट पाहिलं आणि खुर्चीवर बसला. त्यालाही तेच वाटलं. फोडलं, वाचायला लागला, आणि हसला. मोठ्यानं हसला. मी कधी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"बरशा! तफनीश नाही रे. बदली आहे, बदली! पश्चिमेकडच्या एका बेटावर नवी शाळा आहे, तिथं. बोटीनं जावं लागतं. घर देतात, समुद्राच्या कडेला. हनानला नदीशिवाय करमत नाही, तिला समुद्र..."

आणि त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. त्या ओळीतला आकडा मलाही वाचता आला. तीन.

तीन दिवसांत लेखी होकार द्यायचा होता. होकार आला नाही तर जागा नको असं धरून करार शाळेच्या वर्षअखेर, जूनमध्ये, संपेल. पत्रावरची तारीख सोमवारची.

तो कागद घेऊन मुदीरकडं गेला. पाच मिनिटांनी मुदीरनं मला हाक मारली. खोलीत आम्ही तिघं. मुदीर टेबलाच्या पलीकडं, इद्रीस अलीकडं उभा. मुदीर म्हणाला, "बरशा, पाकीट कधी दिलंस?"

आता बघा. मी म्हणायला हवं होतं, आज दिलं, साहेब, माझी चूक. मुदीरनं मला तिथल्या तिथं तफनीश केलं असतं. कदाचित वर कळवलं असतं की फर्राशानं घोळ केला, आणि कदाचित त्यांनी इद्रीसचं ऐकलं असतं. कदाचित नसतंही ऐकलं. पण मला तफनीश केलं असतं तर काय झालं असतं? घरी गेलो असतो. जिथं आठ दिवसांपूर्वी बोलावलं होतं तिथंच. आकाश कोसळणार नव्हतं.

मी म्हटलं, "सोमवारी दिलं."

मुदीरनं इद्रीसकडं पाहिलं. इद्रीसनं माझ्याकडं पाहिलं. वहीत सही अजून व्हायची होती. त्यानं टेबलावरचं पेन उचललं, सही केली आणि सोमवारची तारीख घातली. मुदीरला म्हणाला, "बायको येणार होती. गडबडीत माझ्याकडून राहिलं."

त्यानं असं का केलं? भांडला असता तर त्याचा शब्द माझ्यापेक्षा मोठा होता. मी पुष्कळ विचार केला. भला माणूस होता म्हणावं तर तेवढ्यानं भागत नाही. मला वाटतं, त्याला माझी किळस आली. ज्याच्याशी आपण डब्यावर बसून बायकोचं बोललो, त्याच्याशी पाकिटासाठी भांडावं लागू नये, असं काहीतरी.

मुदीरनं फोन केले, पत्रं पाठवली. दर वेळी उत्तर यायचं, इन्शाल्ला बघू. बेटावरची जागा दुसऱ्याला गेली होती. इद्रीसची जागाही भरली होती. जूनअखेर तफनीश.

त्या दीड महिन्यात तो पँट्रीत आला नाही. चहा स्टाफरूममध्ये घ्यायचा, "शुक्रन", आभार, एवढंच म्हणायचा, माझ्याकडं न बघता. मी त्याच्या चहात आलं जास्त घालायचो, त्याला आवडायचं म्हणून. काय मूर्खपणा!

निघायच्या आधी सामान बांधायला उस्ताद लोक फर्राशालाच बोलावतात, ती तिथली रीतच. त्यानं मला बोलावलं नाही. मीच दुपारी गेलो. दार तिनं उघडलं. बारीक, हसऱ्या तोंडाची बाई, अंगभर एकच लांब कापड गुंडाळलेलं, आपल्या लुगड्याच्या नातलगासारखं. त्याला तोब म्हणतात. तिला काही ठाऊक नव्हतं. आतून वळून म्हणाली, "इद्रीस, तुझा बरशा आलाय! ज्यानं पडदे लावले तो!" दीड महिन्यापूर्वी लावलेले ते पडदे मी काढले. भांडी कागदात गुंडाळली. तिनं मला दुधातला चहा करून दिला. तिथं मला कुणी करून दिलेला तो पहिला चहा.

ती म्हणाली, "तुझी बायको पण असंच नेसते ना? इद्रीस सांगतो." आणि पेटीतून एक नवाकोरा तोब काढला, पिवळा, जांभळ्या फुलांचा. "तिला दे. सांग, हनाननं दिला."

मी घेतला. नको कसं म्हणणार?

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा इद्रीस दोरी आवळत होता. खाली बघतच त्यानं विचारलं, "उघडून पाहिलं होतंस?"

"नाही, उस्ताद. मला वाचता कुठं येतं?"

"मग तुला कसं कळलं, आत काय आहे?"

त्यानं गाठ मारली, पेटी भिंतीकडं सरकवली. म्हणाला, "जा आता. आम्ही करू उरलेलं."

तेवढंच. पुढं हमदीकडून कळलं की त्याला कुठंच फॅमिलीसकट जागा मिळाली नाही. तो येमेनला गेला, एकटा. ती नदीवरच्या गावात, सासूच्या रिकाम्या घरात. त्यानंतर त्यांचं काही कळलं नाही. हमदीलाही दोन वर्षांनी तफनीश आला. त्याचं पाकीट आलं त्याच मिनिटाला मी दिलं, भर वर्गात. तो म्हणाला, "हबीबी, निदान तास तरी संपू द्यायचास!" मी म्हटलं, नाही.

मी तिथं आणखी आठ वर्षं काढली. दोन वर्षांची आठ झाली. साठी झाली तेव्हा कंपनीनंच तिकीट हातात दिलं.

इद्रीस गेला त्या सालच्या सुट्टीत मी तोब इंदूला दिला. ती हरखली. तो साडीसारखा नेसून बघितला, पुरला. "कुणी दिला?" मी सांगितलं, सुदानच्या मास्तरच्या बायकोनं. "कुठं असतात ती?" आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यांची बदली झाली. एका बेटावर. समुद्राच्या कडेला घर आहे त्यांचं." इतकं सोपं गेलं की मलाच नवल वाटलं. मग दर दिवाळीला तिनं तो नेसायचा आणि शेजारणींना सांगायचं, "परदेशातल्या बाईनं दिलाय. तिचा नवरापण तिकडंच असायचा, पण आता दोघं एकत्र राहतात, समुद्रापाशी." पत्रात विचारायची, 'हनान कशी आहे? तिला विचारलं म्हणून सांगा.' मी लिहायचो, बरी आहे.

मी कायमचा आलो तेव्हा आम्ही दोघं म्हातारी. एका घरात राहायची आम्हाला सवयच नव्हती. मी सकाळी उठून अंगण झाडायला लागायचो तर ती म्हणायची, "ते माझं काम. तुम्ही बसा." मी बसायचो. तिला चहात साखर किती लागते, ते मी तीनदा विचारलं असेल. तरी पुढं जमलं. चांगली वर्षं गेली.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. दवाखान्यात खाट खिडकीजवळ मिळाली होती. एका दुपारी, जेवणं झाल्यावर, बाकीच्या खाटांवरची माणसं झोपली होती. ती छताकडं बघत म्हणाली, "अवो, ती हनान आता केवढी असेल? आपल्या मुलीपेक्षा मोठी असेल ना?"

मला काय झालं ठाऊक नाही. मी सगळं सांगितलं. पाकीट, चहापत्तीचं खोकं, सोमवार, सही. सांगताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

ती म्हणाली, "म्हंजे तो तिकडं नि ती इकडं."

"हो."

"म्हंजे माझ्यासारखंच झालं तिचं."

"हो."

"हे मी या म्हणून पत्र धाडलं, त्याच साली ना?"

"त्याच महिन्यात."

सलाईन थेंब थेंब चाललं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमाला यायचं नव्हतं तर नव्हतं," ती म्हणाली. "तिचा नवरा कशाला घालवलात?"

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं हे सांगावं तसा होता. चार दिवसांनी ती गेली. त्या चार दिवसांत आम्ही बोललो, पण पाणी, गोळी, उशी एवढंच.

त्या दुपारी मात्र मी तोंड उघडलं होतं. 'यायचं होतं गं' असं म्हणणार होतो. तिनं मान वळवून माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे."